पुराचा गाडा: पाणी आणि सोलरच्या कामाच्या नोंदी

४ मे २०२५, नऱ्हे

व्हॉट्सअॅपवर टाकलेलं सगळं चार दिवसांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं, म्हणून यापुढे कामाचं जे काय असेल ते इथे लिहायचं ठरलंय. ज्याला वेळ असेल त्याने लिहायचं, म्हणजे बहुतेक मीच.

काम असं की छोटा हत्ती टेम्पोच्या हौद्यात मावेल असा एक गाडा बनवायचा, जो पुराचं गढूळ पाणी पिण्यालायक करेल आणि लागणारी वीज स्वतःची स्वतः काढेल. शेड पुण्याजवळ नऱ्ह्यात ओळखीने मिळालीय, भाडं नाही पण लाईटबिल आपलं.

हे सुचलं कुठून ते सगळ्यांना माहितीये तरी एकदा लिहून ठेवतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाचं पाणी सोडलं आणि पुण्यात सिंहगड रोडला एकता नगरीत शिरलं. लहानपणापासून आपण पानशेत धरण फुटल्याच्या गोष्टी ऐकल्या, १२ जुलै १९६१, भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा वगैरे, पण आत्ताच्या सोसायटीचा प्रॉब्लेम वेगळाच आहे. पाण्याची मोठी टाकी जमिनीखाली, ती चढवायची मोटर पार्किंगमध्ये आणि मीटरचा बोर्डपण पार्किंगमध्ये. पूर आला की तिन्ही एका झटक्यात जातं. वर गच्चीच्या टाकीत जेवढं असेल तेवढंच पाणी, ते दुपारपर्यंत संपतं, आणि खालची टाकी गटार मिसळलेल्या चिखलाने काठोकाठ भरलेली. त्याच दिवशी डेक्कनला पुलाची वाडीत तिघं शॉक लागून गेले. म्हणून आपला पहिला नियम, जिथे माणसं ओल्या पायांनी उभी राहणार तिथे २३० व्होल्ट न्यायचेच नाहीत. सगळं २४ व्होल्ट डीसी.

आजच्या मीटिंगमधली यादी: आरओ, यूव्ही (किरणांनी जंतू मारणारा दिवा), यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, बारीक छिद्रांची गाळणी), कार्बन फिल्टर, ५४० वॅटचे दोन पॅनेल, इन्व्हर्टर, बॅटऱ्या, हजार लिटरची टाकी, मोबाईल चार्जिंग, एलईडी बोर्ड, आणि कोणीतरी अॅपपण म्हणालं. अॅपवाल्याला चहा आणायला पाठवलं.

११ मे

आरओवरून दीड तास वाद. घराघरात आरओ असल्यामुळे लोकांना वाटतं शुद्ध पाणी म्हणजे आरओच. पण आरओचं खरं काम पाण्यातले क्षार काढणं, आणि पुराचं पाणी खारट नसतं, घाण असतं. वर आरओला प्रेशर लागतं म्हणजे वीज जास्त आणि निम्म्याहून जास्त पाणी सांडून जातं. जिथे एकेका हंड्यासाठी रांग आहे तिथे असं मशीन लावलं तर लोक आपल्यालाच धुतील. आरओ बाद.

यूव्हीपण बाद केला. गढूळ पाण्यात किरण पोचतच नाहीत, काचेची नळी खड्ड्यात फुटणार, आणि मुख्य म्हणजे पाणी नळीतून बाहेर पडलं की संरक्षण संपलं. नंतर ते कोणाच्या घाणेरड्या कळशीत गेलं की परत जैसे थे. क्लोरीन कळशीतसुद्धा काम करत राहतो.

राहिला यूएफ. बारीक पोकळ दोऱ्यांचा जुडगा, त्याची छिद्रं ०.०१ ते ०.१ मायक्रॉन, बॅक्टेरिया अडकतात, काही व्हायरस निसटू शकतात, म्हणून मागे क्लोरीन हवाच. विरघळलेलं डिझेल, कीटकनाशक यातलं काही यूएफ काढत नाही. त्यामुळे पाणी कुठून उचलायचं हे ठरवायला माणूस लागणार, पेट्रोल पंपाच्या किंवा खताच्या गोडाऊनच्या खालच्या अंगाचं पाणी घ्यायचंच नाही.

१८ मे

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, दिवस गेला. पार्किंगला जागा नाही हे काय नवीन नाही. ५४० चा पॅनेल प्रत्यक्ष उचलून बघितला, सत्तावीस-अठ्ठावीस किलो भरतो आणि लांबी सव्वादोन मीटर, दोघांशिवाय हलत नाही आणि वाऱ्यात तर चौघं लागतील. त्यापेक्षा २०० वॅटचे चार घेऊ, एक माणूस एक पॅनेल बगलेत मारून जिन्याने गच्चीवर नेऊ शकतो. दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल, म्हणजे एका जोडीवर सावली आली तरी दुसरी चालू राहते. एकूण ८०० वॅट. वॅटमागे किंमत थोडी जास्त पडते, पडू दे.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट १०० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) दोन. इन्व्हर्टरवाल्या ट्युब्युलर (लेड-अॅसिड) स्वस्त आहेत पण वजन बघता आणि त्या निम्म्याच्या खाली उतरवल्या की लवकर मरतात हे बघता परवडत नाहीत.

२६ मे

पाऊस आला! मे संपायच्या आत मान्सून पुण्यात, हवामान खात्याने आजच जाहीर केलं. काल बारामती-इंदापूरकडे तर धो धो झालाय. शेडच्या पत्र्याला दोन ठिकाणी गळती, खाली बादल्या लावल्यात.

बॅटऱ्यांची टेस्ट केली. पूर्ण चार्ज करून हेडलाईटचे बल्ब लावले आणि किती तास चालतात ते मोजलं. एक ९७ एएचवर थांबली, दुसरीने ७८ वरच मान टाकली, लेबल दोन्हीवर १०० चंच. दुकानदार म्हणे मीटर खराब असेल तुमचं. मग त्याच्याच दुकानात तेच बल्ब घेऊन बसलो, संध्याकाळपर्यंत, गिऱ्हाईकं विचारायला लागली काय चाललंय. बदलून मिळाली. कोणीही बॅटरी घेणार असेल तर ही टेस्ट करा, बल्ब, अॅमीटर आणि चिकाटी एवढंच लागतं.

८ जून

आज खरं काम झालं. चिखल.

यूएफला गढूळ पाणी थेट दिलं तर तासाभरात तोंड मिटतो. कंपन्यांच्या जाहिरातीत नदीचं पाणी आत आणि काचेसारखं पाणी बाहेर दाखवतात, मधला चिखल कुठे जातो ते दाखवत नाहीत. म्हणून आधी तुरटी.

दोन प्रकारची माती आणली होती. सिंहगडाच्या पायथ्याची लालसर, आणि दौंडकडची काळी, कारण पूर काय फक्त पुण्यातच येत नाही, सोलापूर-पंढरपूरकडे येतो तेव्हा पाण्यात ही काळी माती असते. काचेच्या बरण्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीत एक लिटर गढूळ पाणी. तुरटीचं एक टक्का द्रावण, म्हणजे लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम. याचा एक मिली एका लिटरला टाकला की दहा मिलीग्रॅम डोस होतो, हिशोबाला सोपं. पहिला एक मिनिट जोरात ढवळायचं, मग दहा-पंधरा मिनिटं एकदम हळू, चमचा फिरतोय की नाही कळू नये इतकं हळू, मग हात काढून घ्यायचा आणि अर्धा तास बरण्यांना कोणी हात लावायचा नाही.

लाल माती तीन मिलीतच बसली. काळी तीनला ढिम्म, पाचला जरा विचार करायला लागली, सातला एकदम दूध फाटल्यासारखे गुठळे झाले आणि सावकाश खाली यायला लागले. वर पाणी इतकं स्वच्छ की बरणीमागचं कॅलेंडर वाचता येत होतं. सगळे काम सोडून तेच बघत बसलो. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की नुसतं ठेवून दिलं तर दोन दिवसांनीपण पाणी तसंच राहतं, त्यामुळे "रात्रभर ठेवा, सकाळी निवळतं" हा सल्ला तिकडे चालत नाही.

वेल्डिंगवाले काका जाता जाता म्हणाले, आमची आई तुरटीचा खडा माठात तीनदा फिरवायची, तुम्ही एवढ्या बरण्या कशाला मांडल्या. काकांना म्हणलं, माठाचं माप आईला पाठ होतं, आम्हाला पाचशे लिटरच्या ड्रमचं काढायचंय. सात मिली म्हणजे लिटरला सत्तर मिलीग्रॅम, त्या डोसने पाचशे लिटरला ३५ ग्रॅम तुरटी.

यूएफच्या आधी आता दोन ड्रम, एक निवळत असताना दुसरा वापरायचा. कार्बन फिल्टर काढला. एलईडी बोर्डपण काढला, कोणाला आठवणही आली नाही.

२० जून

पालख्या पुण्यात. नाना पेठेत एका दिंडीचा मुक्काम शाळेत होता, तिथे आपला फक्त चार्जिंगचा भाग लावला. पाणी मुद्दामच दिलं नाही, वारकऱ्यांवर प्रयोग करायचे नसतात, त्यांना महापालिकेचं पाणी होतं.

साधारण एक स्मार्टफोन पूर्ण चार्ज करायला नुकसान धरून २५ वॉट-अवर जातात. आपल्या बॅटरीत दोन युनिट (दोन हजार वॉट-अवर) वापरण्यासारखे, म्हणजे ऐंशी फोन. वीज पुरली. कमी पडल्या त्या वायरी! टाईप सी भरपूर घेतल्या होत्या आणि निम्म्या माऊलींकडे जुन्या पिनचे बटणाचे फोन. दुसरं म्हणजे फोन ठेवून कोणी जात नाही, फोनशेजारीच बसून राहतात, त्यामुळे बाकडं किंवा सतरंजी हा चार्जिंग स्टेशनचाच भाग धरायचा. चिकटपट्टीवर नंबर लिहून एक तुकडा फोनला आणि एक हातात, ही टोकन सिस्टीम दिंडीतल्याच एका मावशींनी लावून दिली आणि रात्री अकरापर्यंत त्यांनीच चालवली.

१३ जुलै

सोलरवाल्या मंडळींनी जरा मन घट्ट करून वाचावं. दिवसभर ढग. ८०० वॅटच्या पॅनेलवर दुपारी बारा ते दोनला ११० ते १३० वॅट. मधे दहा मिनिटं ऊन पडलं तेव्हा ६४० दिसले, सगळ्यांनी फोटो काढले. दिवसाची बेरीज साधारण ०.९ युनिट.

पंप १८० वॅटचा, यूएफमधून तासाला ९०० लिटर. चार तास चालवला तर ३६०० लिटर पाणी आणि ०.७२ युनिट वीज. म्हणजे ढगाळ दिवशी पाणी निघतं पण मोबाईल बॅटरीतल्या शिलकीवर, आणि सलग ढग राहिले की तिसऱ्या दिवशी भांडण सुरू, पाणी की मोबाईल. पूर येतो तेव्हा आकाशात ढगच असणार, उन्हाळ्याच्या आकड्यांवर प्रोजेक्ट विकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

यावर दोन उपाय. एक, टेम्पोच्या अल्टरनेटरवरून चार्जिंग, १२ चे २४ करणारा कन्व्हर्टर लावला, डिझेल जाळायला जिवावर येतं पण अडीअडचणीला असावं. दोन, पंपाचं काम कमी करायचं. निवळायचे ड्रम उंचावर ठेवले, ट्रॅक्टरची ट्रॉली, शाळेची पायरी, काहीही, की बराचसा प्रवास पाणी स्वतः खाली येऊन करतं.

२५ जुलै

एकता नगरीला वर्ष झालं. आजचा विषय क्लोरीन.

जानेवारीत याच पट्ट्यात जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली होती, सिंहगड रोडचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा बॅक्टेरिया आणि नोरोव्हायरस सापडले, आणि महिनाभर सगळं पुणे विहिरी आणि क्लोरीन यावरच बोलत होतं. पाणी दिसायला स्वच्छच होतं. त्यामुळे आपल्या गाड्यातून काचेसारखं पाणी आलं की "झालं!" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना लॅबवाली ताई आता रागावते.

ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर असते, ब्लीचिंग. नवीन पावडरमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास, पण पोतं उघडं राहिलं, दमट झालं की उडून जातो आणि नुसता चुना उरतो. नेहमीचं माप हजार लिटरला ५ ग्रॅम, पुराच्या दिवसांत दुप्पट. थोड्या पाण्यात कालवून ठेवायची, चुना खाली बसला की वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं, मग ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट, म्हणजे पाण्यात किती क्लोरीन उरलाय ते बघायचं. नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, पिवळा रंग आला की पट्टीशी जुळवायचा. लगेच बघायचा, पाच मिनिटांनी बघाल तर रंग वाढलेला असतो आणि उगाच समाधान होतं. क्लोरीन ०.२ ते ०.५ पीपीएम (लिटरला मिलीग्रॅम) हवा.

कोणीतरी ऑटोमॅटिक डोसिंग पंप सुचवला, सेन्सरसकट. छान आहे, पण त्याचा सेन्सर गावात बिघडला तर कोण बघणार? ओटी टेस्ट पाणी सोडणाऱ्या माणसाला रोजच्या सवयीने येते. मला हे दिवसेंदिवस जास्त पटत चाललंय की गाड्यावर तेच ठेवावं जे तिथला माणूस आपल्याशिवाय चालवू शकेल. डोसिंग पंप नको, मापाचा चमचा हवा.

२० ऑगस्ट

खडकवासल्याचा विसर्ग वाढवलाय, भिडे पूल पाण्याखाली, नदीपात्रातला रस्ता बंद. गाडा टेम्पोवर चढवून तयार ठेवला. तीन सोसायट्यांच्या चेअरमनना फोन केले, त्यांचं म्हणणं टँकर सांगितलेत, गरज लागली तर कळवू. बरोबर आहे. शहरात टँकर पोचतो तिथे आपलं काम नाही, एक टँकर दहा मिनिटांत जेवढं देतो तेवढ्याला आपल्याला अख्खा दिवस लागेल. शहरात आपला उपयोग मोबाईल चार्जिंग आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. हे मान्य करायला काही जणांना जड गेलं, ग्रुपवर दोघं अजून रुसलेत.

२६ सप्टेंबर, माढा तालुका

सीना नदीला महापूर आलाय, बातम्या सगळ्यांनी बघितल्या असतीलच. ओळखीच्या शिक्षकांचा फोन आला म्हणून पहाटे निघालो, टेंभुर्णीपर्यंत हायवे ठीक, पुढे विचारत विचारत. गावाचं नाव लिहीत नाही. लोक उंचावरच्या शाळेत, खाली ऊस आडवा, पाणीपुरवठ्याची विहीर बुडालेली आणि मोटर तिच्या आत.

शाळेच्या व्हरांड्यात बाटलीबंद पाण्याचे बॉक्स छताला लागलेत, खूप मदत आलीय. पण बाटलीच्या पाण्याने भांडी घासायची कशी आणि जनावरांना पाजायचं काय? एका दुभत्या म्हशीला दिवसाला पन्नास-साठ लिटर तरी लागतं. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर धरलं तरी स्वयंपाक-हातपाय मिळून माणशी पंधरा लिटर हा मदतकार्यातला जगभरचा किमान आकडा आहे. ३६०० लिटर म्हणजे २४० माणसं. जनावरांसाठी मग फक्त तुरटीने निवळलेलं, यूएफला न लावता वेगळ्या ड्रममधून काढलं.

पाणी काळं. बरणीत टेस्ट केली, आठ मिलीला बसलं. दौंडच्या मातीच्या पोत्याचे आभार.

२७ सप्टेंबर

पाणी सोडणारे आण्णा, पन्नाशीचे, ग्रामपंचायतीचे कर्मचारी. कालपासून लांबून बघत होते. आज सकाळी ओटीची बाटली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "सर, नळी आधी त्याच पाण्यानं खंगाळावी लागती." मग स्वतः टेस्ट केली, उजेडाकडे पाठ करून नळी पांढऱ्या बनियनपुढे धरली, म्हणजे रंग नीट दिसतो. दुपारी तुरटीचे ड्रमपण त्यांनीच घेतले. ढवळायला आम्ही पाईप वापरत होतो, त्यांनी कुठूनतरी फळी बांधलेली काठी आणली, पाणी हळू आणि सगळीकडून फिरतं. गुठळे आमच्यापेक्षा मोठे झाले.

लोकांची तक्रार, पाण्याला औषधाचा वास येतो. बाटलीचं गोड लागतं. आशाताईंनी सरळ सांगितलं की वास येतोय तोवर पाणी चांगलंय, वास गेला की मला सांगा. ते माझ्या तासभराच्या भाषणापेक्षा भारी पडलं.

संध्याकाळी चार्जिंगला मोठी रांग. पाण्यापेक्षा मोठी, खरं सांगायचं तर. पंचनाम्याचे फोटो, बँकेचे ओटीपी, लेकीसुना कुठे अडकल्यात त्यांचे फोन, सगळं त्या एका बॅटरीवर. टेम्पो दोन तास चालू ठेवला.

२९ सप्टेंबर

गाडा तिथेच ठेवून आलो. विहीर उपसून, टीसीएल टाकून, मोटर बाहेर काढून सुरू होईपर्यंत आण्णा चालवतील. त्यांनी जाताना एकच विचारलं, हा फिल्टर बंद पडला तर काय करायचं. सांगितलं, यूएफ बायपास करायचा हा व्हॉल्व्ह, मग तुरटी, वरचं पाणी चौपदरी कापडातून, आणि टीसीएलचं माप वाढवून ओटी बघत बसायचं. "मंग आमचं जुनंच की," म्हणाले.

१२ ऑक्टोबर, नऱ्हे

गाडा परत आला. यूएफचा फ्लो ९०० वरून ५२० वर उतरलाय, उलटं धुऊन ७०० पर्यंत आला, पुढे क्लोरीनच्या पाण्यात भिजत ठेवलाय. एका पॅनेलच्या कोपऱ्याला तडा. चार्जिंगच्या वायरी गेल्या त्या गेल्या, त्यांचा हिशोब मागायचा नाही.

उरलेल्या पैशात दुसरा गाडा करायचा का यावर आज मीटिंग झाली. माझं मत मांडलं आणि बऱ्यापैकी मान्य झालं: दुसरा गाडा नको. त्याऐवजी पेट्या करायच्या, एकेका गावाच्या मापाच्या. दोन ड्रम, फळीवाली काठी, तुरटी, हवाबंद डब्यात टीसीएल, मापाचे चमचे, ओटीच्या बाटल्या, एक २०० वॅटचा पॅनेल, एक बॅटरी आणि चार्जिंगची पट्टी. यूएफवाला गाडा एकच राहील, लागेल तिथे जाईल. ओटीच्या बाटल्या मात्र दरवर्षी बदलाव्या लागतील, त्यावर तारीख घालायची. आण्णांना फोन केला होता, काठीचं माप त्यांनी सांगितलंय, फळी एक वीत रुंद, दांडा छातीएवढा. काका रविवारी कापून देणार आहेत, कोणी यायचं त्याने ग्रुपवर सांगा.